कृपेचा मला राग येतो

बहात्तरच्या दुष्काळात आमचे वडील आम्हाला टाकून धर्माबादला गेले आणि तिथं त्यांनी दुसरा संसार थाटला. इकडे आई दुष्काळी कामावर मिळणारी सरकारी सुकडी खाऊन रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, आणि रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून त्यांच्यासाठी प्रार्थना करत होती. मला त्या प्रार्थनेचा संताप यायचा. देवाला दुसरं काही मागता येत नव्हतं का हिला?

पुढं दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, गावाला नवी कळा आली, आणि त्याच सुमारास वडीलही परतले. चांगले धडधाकट, अंगावर इस्त्रीचा सदरा. दुसरीनं हाकलून दिलं असं लोक म्हणायचे. मला विचाराल तर तिनं शहाणपणाच केला.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक रीत होती. ज्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवलंय त्यानं सगळ्यांपुढं उभं राहून माफी मागायची, मगच त्याला भाकर आणि द्राक्षरस. बायकापोरं टाकल्याबद्दल वडिलांनाही दूर ठेवलं होतं; परतल्यावर पहिल्याच रविवारी ते उभे राहिले. मला वाटलं, आता तरी मान खाली जाईल. ते घसा खाकरून म्हणाले, "पाऊस न्हवता. म्या तरी काय करनार व्हतो?"

पाऊस नव्हता! आमच्यावर तेवढा धो धो कोसळत होता जणू. लाज म्हणून नाही माणसाला.

मंडळीच्या पंचांनी नकारार्थी मान हलवली. आमच्याकडे बायकांची सतरंजी वेगळी, पुरुषांची वेगळी, आणि उपासना चालू असताना मधली वाट कुणी ओलांडायची नाही. आई उठली, ती वाट ओलांडली आणि वडिलांशेजारी जाऊन उभी राहिली.

"बाई, आधी त्यांना माफी तर मागू द्या," पंच म्हणाले.

"न्हाई येत त्यांना मागता. म्हणून काय उपाशी ठेवता?"

 आई जागची हलेना. शेवटी वेदीपाशी उपासना चालवणाऱ्या पाळकांनीच हात केला आणि म्हणाले, "या."

वेदीपुढच्या कठड्यापाशी आम्ही गुडघे टेकले. वडील नेमके माझ्याच बाजूला आले. "जरा सरक की माय," ते हळूच म्हणाले. मी सरकले नाही. कोपर कठड्यावर रोवून ठेवलं. त्यांना बिचाऱ्यांना अर्धवट तिरकं टेकावं लागलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

पाळक भाकर घेऊन समोर आले तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्या ह्यांना माफ केलं न्हाई. करनारबी न्हाई."

आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.  पाळकांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि वडिलांच्या आधी माझ्या हातावर ठेवला. मी तो रागातच खाल्ला.