दोरा काचतोय असं मी म्हणाले होते

डायलिसिस सुरू होऊन वीस मिनिटं झाली असतील, आप्पांचे दात वाजायला लागले. दोन ब्लँकेटं टाकली तरी पलंग हलत होता. ताप एकशे तीन.

"सिस्टर, लई थंडी वाजायलीय."

लातूरच्या आमच्या डायलिसिस युनिटची मी इन्चार्ज. आप्पा जुने पेशंट. कोचिंगच्या मुलांची मेस चालवतात, म्हणून पहिल्या शिफ्टला येतात. किडन्या गेलेल्या, शिवाय हृदयाचे ठोके कमी पडतात म्हणून डाव्या खांद्याखाली पेसमेकर. म्हणजे कातडीखाली एक छोटी बॅटरी आणि तिच्यापासून हृदयात गेलेल्या वायरी.

किडनीचे डॉक्टर, आमचे सर, राउंडलाच होते. त्यांनी आप्पांच्या शर्टाची बटणं काढली. बॅटरीवरची कातडी लाल आणि ताणलेली.

"ही लाली कधीपासून?"

खोटं बोलता आलं असतं. "तीन आठवडे, सर."

"आणि मला आज कळतंय?"

आप्पा लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. ते अंगावरून उतरवायचं नसतं आणि डबीचा दोरा नेमका बॅटरीवरून जातो. लाली दिसली तेव्हा मी शहाणपणा केला होता. "आप्पा, दोरा काचतोय, मऊ घाला." त्यांनी लगेच रेशमी दोरा आणला. मीही खूश. चार्टवर एक ओळ लिहायची सुचली नाही.

सरांनी मशीन थांबवलं. अँटिबायोटिकच्या आधी कल्चरला रक्त पाठवलं. कल्चरमध्ये रक्तातले जंतू वाढवून ओळखतात. ते दोन दिवस मला जेवण गेलं नाही. रिपोर्ट आला, रक्तात जंतू. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, वायरीला चिकटलेली गाठ दिसली. डायलिसिसवाल्यांच्या रक्तवाहिनीत आठवड्याला तीनदा नळ्या जोडाव्या लागतात, त्यामुळे जंतूंना वाट सापडते. ते एकदा वायरीवर बसले की नुसत्या औषधानं हटत नाहीत. बॅटरी, वायरी सगळं बाहेर काढायचं, आणि त्यासाठी हैदराबादला जायचं.

आप्पा ऐकेनात. "बॅटरी काढली की म्या संपलो. मेस कोन बघंल? पोरांची नीटची परीक्षा तोंडावर आलीय."

"घरी काकू आहेत, त्या बघतील मेस. आणि तोवर बाहेरून तात्पुरती बॅटरी लावतात, हृदय थांबत नाही."

"तुमी सांगा सिस्टर. तुमी म्हनाल तसं."

हा विश्वास मला सहन होईना. "आप्पा, दोऱ्याचं मी चुकीचं सांगितलं. ती लाली जंतूंची होती. न गेलात तर वाचणार नाही."

"तवा चुकलात. मंग आता बरोबर कशावरून?"

"म्हणून मला विचारूच नका. सरांना विचारा," एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन रडले.

सरांनी त्यांना इकोचा फोटो दाखवला, गाठीवर बोट ठेवून. संध्याकाळी अँब्युलन्स निघाली. ऑपरेशनला डबी गळ्यातून काढून उजव्या दंडाला बांधू दिली, असं काकूंनी फोनवर सांगितलं. वायरी निघाल्या. रक्त स्वच्छ झाल्यावर हृदयाच्या आतच बसणारा, वायर नसलेला पेसमेकर घातला. दोन महिन्यांनी आप्पा पहिल्या शिफ्टला हजर.

आता नवा पेशंट आला की ते शेजारच्या पलंगावरून त्याला समजावतात, "कुटं लाल झालं, सुजलं, तर सरला दाखवा. सिस्टर लई चांगल्या हायत, पर त्यास्नी बघूनच सगळं कळतंय."

राग येतो. पण मी त्यांना थांबवत नाही. इतकी नेमकी सूचना मला स्वतःविरुद्ध लिहिता आली नसती.