गव्हामागून दळलेली ज्वारी

"मॅडम, भाकरीशिवाय कायबी खात न्हाई मी. तरी गोळी कमी केली की खाज हाय तशीच!" सुभेदारांनी कोपर टेबलावर ठेवलं. पुन्हा बारीक फोड. मला माझाच राग आला. निदान चुकलं की काय?

आटपाडीचे हे निवृत्त सुभेदार वर्षभरापूर्वी माझ्या सांगलीच्या क्लिनिकमध्ये आले, तेव्हा फाईलभर एकच शब्द होता, खरूज. कोपर, गुडघे, कंबरेखाली, दोन्हीकडं सारखी खाज. मलमं सगळ्या घराला फासून झाली होती. सूनबाई नात मांडीवर देत नव्हत्या. "पोरीला लागंल म्हणती," ते खाली बघत म्हणाले. फौजी माणसाचा तसा बसलेला आवाज मला ऐकवला नाही.

फोडाशेजारच्या धडधाकट कातडीचा बारीकसा तुकडा काढून बायोप्सी केली. खरूज नव्हतीच. गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन त्यांच्या शरीराला चालत नव्हतं आणि शरीर त्याचा राग कातडीवर काढत होतं. हे कुणाला लागत नाही. खाजेपुरती डॅप्सोनची गोळी आणि गहू कायमचा बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ बिनधास्त.

फौजेत जन्मभर चपाती खाल्लेले सुभेदार हिरमुसले. त्यांच्यासोबत आलेल्या काकू मात्र खूश. "लगीन झाल्यापास्नं सांगतीया, भाकरी खावा!"

गोळीनं खाज थांबली. पण गोळी कमी करायला घेतली की फोड परत, आणि नातही परत आत. माझ्या 'लागत नाही'वर सूनबाईंचा विश्वास उडत चालला होता.

त्या दिवशी मी दोघांची उलटतपासणी सुरू केली. शेवया? न्हाई. बिस्कीट? न्हाई. पुरणपोळी? सणालाबी न्हाई.

"काकू, पीठ कुठून आणता?"

"घरचीच ज्वारी. गावच्या गिरणीत दळती."

"तुमच्या आधी कुणाचं दळण असतं?"

"गव्हाचंच! मीच सांगती गिरणीवाल्याला, गव्हामागनं माझी ज्वारी घाल. जात्यातलं थोडं गव्हाचं पीठ येतंय, भाकरी मऊ हुती. ह्यास्नी चपातीची सवय न्हवं का?"

सुभेदार बायकोकडं बघत राहिले. "आगं, गनीम घरातच व्हता व्हय!"

काकूंचे डोळे भरले. मी म्हटलं, "काकू, तुमच्या मायेनंच घोळ केला." घरात दळायला घरघंटी आली, गव्हाला तिच्यात सक्त मज्जाव. गोळी हळूहळू कमी करत काही महिन्यांनी बंद केली.

परवा सुभेदार आले ते नातीला मांडीवर घेऊनच बसले. कोपरं स्वच्छ. नातीनं हातातलं बिस्कीट आजोबांच्या तोंडात कोंबायला घेतलं, तशा सूनबाई ओरडल्या, "आगं नगं! गहू हाय त्यात!"

हल्ली अशा पेशंटला 'काय खाता' विचारून मी थांबत नाही. 'दळण कुणामागून घालता' हेही विचारते. माझे असिस्टंट चमकून बघतात. बघोत बापडे.