दार राहिलेलं एकच घर

आज सकाळी गोदामाचं शटर वर केलं आणि ओल्या सागवानाचा वास आला. पत्र्याच्या फटीतून पावसाचं पाणी आत शिरलं होतं आणि नेमकं त्या एका दाराच्या पायाशी साचलं होतं, जे मी विकायला ठेवलेलं नाही. जुनं सागवान भिजलं की त्यातून चुलीचा धूर, करडीचं तेल आणि माणसांच्या हातांचा मळ असं सगळं मिसळून बाहेर येतं. नव्या लाकडाला हा वास नसतो. दुसरबीडला रस्त्यालगत माझं जुन्या लाकडाचं दुकान आहे. पाडलेल्या घरांची दारं, चौकटी, तुळया मी घेतो आणि नवी घरं बांधणाऱ्यांना, ढाबेवाल्यांना, शहरातून गाड्या घेऊन येणाऱ्या हौशी लोकांना विकतो. हा वास माझ्या पोटापाण्याचा आहे, त्याची मला सवय आहे. पण त्या एका दाराचा आला की हात मोबाईलकडे जातो, मी एक ट्रेलर लावतो, आणि मग दिवसभर कुठल्याच गिऱ्हाइकाशी धड भाव करता येत नाही.

ट्रेलर कॉलेजच्या पोरांनी केलेला आहे, भुताच्या सिनेमाचा. सिनेमा मात्र नाही. तो बनवायचाच नव्हता. त्यांना अभ्यास म्हणून फक्त ट्रेलर करून दाखवायचा होता. माल नसताना नमुना दाखवायचा, ही गोष्ट माझ्यासारख्याला लगेच कळली.

दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यातली एक मुलगी दुकानात आली. उन्हानं चेहरा लाल झालेला, पण नजर मालावरून अशी फिरवत होती की ही घासाघीस करणार हे मी ओळखलं.

"काका, करकरणारं दार पाहिजे. दोनच दिवसांसाठी."

"माझी दारं करकरत नाहीत," मी म्हणालो. "घरात तेल द्यायले कोणी राह्यलं नाही की मग दार करकरते."

"मग तसंच पाहिजे," ती म्हणाली.

मला ती आवडली. तिला बसवलं, चहा सांगितला. तिनं मला समजावलं की भयपटाच्या ट्रेलरची एक ठरलेली चाल असते. आधी हसरी माणसं गाडीतून येतात. गावाच्या वेशीवर एक म्हातारा भेटतो आणि म्हणतो, पुढं जाऊ नका. मग अंधार पडतो, एखादं दार आपोआप उघडतं, वाजणारं संगीत एकदम थांबतं, कोणीतरी किंचाळतं, सिनेमाचं नाव येतं. पाहणारा सुटकेचा श्वास टाकतो, आणि तेवढ्यात, नावानंतर, एक शेवटचा धक्का. त्यांच्या सरांनी सांगितलं होतं की ही चाल कुठं पाळली आणि कुठं मोडली ते लिहून द्या, मोडली तर का मोडली तेही. मी ऐकत राहिलो. सौद्याचीही अशीच चाल असते. आधी मालाकडे पाठ करायची, मग त्याला नावं ठेवायची, मग उठून चार पावलं चालायचं. आणि सौदा तुटला नाही, जुळला, समोरच्यानं घाम पुसला, की मग हळूच वरून फुकटात एक पाट मागायचा. नावानंतरचा धक्का तो हाच.

तिला एक ओसाड गावही हवं होतं. मी माझं सांगितलं. धरणात जाणारं आमचं गाव तेव्हा रिकामं झालं होतं, पाणी अजून यायचं होतं. "तिथं दार राह्यलेलं एकच घर हाय," मी म्हणालो. "एक म्हातारा हाय त्यात. त्याले वेशीवर बसवा तुमच्या. आन् माझ्या दाराचं भाडं नको मले. तो काय काय बोलते ते परत येऊन सांगायचं फक्त. माझं नाव काढायचं नाही."

"तुमचे कोण ते?"

"गिऱ्हाईक," मी म्हणालो. "सौदा राह्यला हाय एक."

तो म्हातारा माझा थोरला भाऊ. बाप लवकर गेल्यावर त्यानं औत धरलं आणि मी सायकल. मी गावोगाव भंगार गोळा करत हिंडलो, उन्हात पोळलो, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, शिव्या द्यायला शिकलो आणि रस्त्यालगत पत्रे ठोकून उभा राहिलो. तो जागचा हलला नाही. सणाला मी घरी गेलो की माझ्या पाठीवरून हात फिरवून एवढंच म्हणायचा, "लाकडासारखा झाला बे तू." त्याच्या त्या बोलण्यात कौतुक होतं की काळजी, हे मला कधी ठरवता आलं नाही. आणि विचारायला गेलो नाही, कारण तेव्हा वाटायचं की विचारायला पुष्कळ वेळ आहे.

गाव उठायचं ठरलं तेव्हा नव्या गावठाणात सगळ्यांना लोखंडी दारं हवी होती. सागवानाच्या त्या जाड फळ्या, पितळी फुलांच्या कड्या कोणालाच नको होत्या. जालन्याकडचे व्यापारी टेम्पो घेऊन घिरट्या घालत होते आणि लोकांना लुटत होते. मी घरोघर गेलो. मीही घासलं, नाही म्हणत नाही, पण त्यांच्यापेक्षा बरा भाव दिला, रोख दिला, आणि माल उचलताना भिंतीला धक्का लागू दिला नाही. बायकांची एकच अट होती. दार न्या, चौकट न्या, उंबरठा नेऊ नका. दार काढायच्या आधी त्या उंबरठ्याला हळदकुंकू लावायच्या आणि पाठ फिरवून उभ्या राहायच्या. मी चौकटीचे दोन्ही पाय उंबरठ्याच्या वर कापायचो. काम जिकिरीचं होतं, लाकूड वाया जायचं, पण मी कुठंही ती अट मोडली नाही. अशी अख्ख्या गावाची दारं माझ्या गोदामात आली आणि गावात नुसते उंबरठे राहिले, वर काही नाही, जिभेशिवाय तोंडं असावीत तसे.

शेवटी भावाच्या घरी गेलो. त्यानं दारातून मला आत घेतलंच नाही. पारावर नेलं, चार माणसांत उभं केलं. ज्यांनी माझ्याकडून हसत पैसे घेतले होते तीच माणसं बसली होती.

"ह्यायची दारं तू नेली," तो त्यांच्याकडे हात करून म्हणाला. "गाव जित्तं असताना त्याचे डोळे काढले. माझ्या दारात पाय ठेवू नको. मी बोलावल्याबिगर येऊच नको."

"मी नसतो आलो त दुसऱ्यानं नेली असती. अर्ध्या भावात."

"दुसऱ्यानं नेली असती त मले काय वाटलं नसतं."

त्या चार माणसांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. हा सल मी आजही बाळगून आहे आणि सोडायची इच्छा नाही. विकणारे सज्जन आणि घेणारा चोर, हा कुठला न्याय. मी तिथून रागानं तरातरा निघालो. पण वाटेत एक शब्द मात्र मी पदरात बांधून घेतला होता. बोलावल्याबिगर. म्हणजे बोलावणं येऊ शकतं. दार पूर्ण लावून घेतलेलं नाही, फक्त ओढून घेतलंय. मी माणूस सौद्याचा, समोरचा कुठं फट ठेवतो ते मला कळतं. मी थांबलो. वर्षं गेली. गाव तर कधीच रिकामं झालं होतं, त्याची बायको गेली, मुलगा पुण्याला राहिला, तो एकटा त्या मातीच्या धाब्याच्या घरात नदीकाठी राहिला, आणि मी बोलावण्याची वाट पाहत राहिलो. न बोलावता जाणं मला जमलं नाही. गरज दाखवली की भाव जातो, हे ज्या धंद्यानं मला शिकवलं त्यानंच मला जेवायला घातलं होतं.

पोरांनी माझ्याकडून नेलेलं दार परत आणून टाकलं तेव्हा मी अमडापूरला मालासाठी गेलो होतो. मुलगी भेटली नाही. मी फोनही केला नाही, कारण तेच, गरज. त्याच श्रावणात भाऊ गेला. पुतण्यानं कळवलं. मी गेलो, माणसांच्या मागं उभा राहिलो, कोणी पुढं ये म्हटलं नाही.

दिवाळीच्या सुमाराला ट्रेलर मोबाईलवर आला. नव्या गावठाणात तो प्रत्येकाकडे होता. मी तो पहिल्यांदा पाहिला तो तिथल्या किराणा दुकानाच्या ओट्यावर, बायाबापड्यांच्या घोळक्यात. भुताचा सिनेमा, पण एकही जण घाबरत नव्हता.

"थांबव, थांबव. ते आपलं घर."

"आपलं नाही माय, ते मामींचं. आपल्याले कोनाडा होता."

"मांगं घे जरा. उंबरठ्यावरचं कुंकू दिसून राह्यलं का पाह्य."

सरसर पळणारी चित्रं लोक थांबवून थांबवून पाहत होते. एक म्हातारी तर काचेवर बोट ठेवून आपल्या भिंतीवरून फिरवत होती, आणि बोट लागलं की चित्र पुढं सरकायचं आणि तिचं घर जायचं. आमच्या गावाचं दुसरं छायाचित्र कोणाजवळ नाही. जे राहिलं ते हेच, आणि त्याच्याखाली परगावची माणसं लिहितात की हे गाव झपाटलेलं आहे.

पोरांनी चाल मोडली होती. अंधार नाहीच, टळटळीत दुपार. संगीत नाही, नुसता वारा. बिनदाराचे उंबरठे एकामागून एक, आणि त्यातून आरपार दिसणारी नदी. मग वेशीवरचा म्हातारा. माझा भाऊ. पण वेशीवर नाही, आपल्या दारात बसलेला, पांढरं धोतर, हातात तांब्या. पुढं जाऊ नका असं तो म्हणत नाही. तो वर बघतो आणि हसून म्हणतो, "या ना. बसा. पाणी घ्या." त्या ओसाड गावात ते एवढं साधं बोलणं ऐकून माझ्या अंगावर काटा आला. माणसं नाहीत तिथं कोणी आपुलकीनं बोलावलं तर भीती वाटते, हे त्या पोरांना बरोबर कळलं होतं. शहरातले लोक त्याच ठिकाणी दचकतात म्हणे. मी दचकलो ते दुसऱ्या कारणानं. जे बोलावणं मी एवढी वर्षं मागितलं नाही आणि मिळवलं नाही, ते त्यानं ओळखदेख नसलेल्या पोरांना तांब्याभर पाण्यासकट देऊन टाकलं होतं.

पोरं उंबरठा ओलांडतात. दार लागतं, न करकरता, कारण त्याच्या दाराला तेल होतं. काळ्या पडद्यावर नाव येतं. आणि नावानंतर, जिथं किंकाळी यायची तिथं, फक्त त्याचा आवाज: "कडी लावू नका. अजून एक जण यायचा हाय."

मी ओट्यावरून उठलो आणि सरळ घरी आलो.  तो एक जण कोण हे मला सांगायची गरज नव्हती. सौदा झाल्यावर वरून पाट मागतात, तसं त्यानं मागितलेलं ते होतं. काही दिवस मी ते वाक्य मनात घेऊन हिंडलो. त्या दिवसांत मी गिऱ्हाइकांना माझ्या स्वभावाबाहेर भाव सोडले. मग राहवलं नाही आणि मी मुलीला फोन केला.

आधी विचारलं की बाकीचं चित्रण आहे का. ती म्हणाली की कॅमेरा कॉलेजचा होता, पुढच्या मुलांना द्यायचा म्हणून सगळं पुसलं, ट्रेलरमध्ये आहे तेवढंच राहिलं. मग मी विचारलं, "ते शेवटचं, कडीचं, ते त्यायनं आपल्या मनानं म्हटलं का तुमी सांगितलं?"

ती थांबली. विकणारा असा थांबला की मालात खोट आहे हे मला कळतं.

"ते आम्ही लिहिलेलं होतं, काका. पाणी घ्या म्हणाले ते त्यांचं स्वतःचं. आम्ही अजून सुरूही केलं नव्हतं, नुसते पोचलो होतो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. 

"कडीचं ते आधी म्हणायलाच तयार नव्हते," ती पुढं म्हणाली. "म्हणाले, माझ्याकडं कोण येणार हाय आता. खोटं कायले बोलू. मग आम्ही खूप विनवलं तेव्हा म्हणाले. पण काका, म्हणताना आवाज खरंच..."

"राहू द्या," मी ओरडलो. "मले समजूत नको तुमची." आणि फोन ठेवला. त्या पोरीनं मला खरं सांगितलं होतं, दारापायी दिलेला शब्द उशिरा का होईना पाळला होता, आणि मी तिच्यावर ओरडलो. पुन्हा फोन केलेला नाही.

हे दार त्याचंच आहे. पाणी चढायच्या आधी पुतण्या म्हणाला, काका, घर तर जाणारच, दार तुम्हीच न्या. भाव त्यानं सांगितला नाही, मी केला नाही. आयुष्यात बिनभावाचा घेतलेला एवढाच माल. उंबरठा ठेवा म्हणायला त्या दिवशी तिथं कोणी बाई नव्हती, तरी मी चौकट वरच कापली. उंबरठा आता पाण्याखाली आहे, गावातल्या बाकीच्या उंबरठ्यांबरोबर.

गोदामात ते भिंतीला टेकून उभं आहे. चौकटीवर आतल्या बाजूला, कडी अडकवायचा कोयंडा होता तिथं, लाकूड फाटून बोटभर खोबण पडली आहे. तो गेला तेव्हा त्याच्यासाठी पीठ घेऊन आलेल्या नव्या गावठाणातल्या माणसांनी हाका मारल्या, उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी खांदा लावून दार ढकललं आणि कोयंडा उपटून आला. ट्रेलरमध्ये त्याचा आवाज कडी लावू नका म्हणतो, आणि हे लाकूड सांगतं की कडी लावलेली होती. एकटा माणूस लावणारच. लाकूड पारखण्यात माझी चूक होत नाही.

मघाशी पाणी पुसून काढलं, दाराखाली विटा घातल्या. मग मोबाईलवर त्याला पुन्हा एकदा पाहिलं, तांब्या हातात घेऊन वर बघताना. या ना, बसा, असं तो म्हणाला. एक गिऱ्हाईक रस्त्यावरून आत आलं आणि त्याच दाराला हात लावून विचारू लागलं. मी म्हणालो, ते विकायचं नाही. तो म्हणाला, मग ठेवलं कशाला. मी त्याला दुसरी दारं दाखवायला घेऊन गेलो.