बिनमोलाची कार्डं कोण चोरतं?

पोलिसातून निवृत्त झालो तरी ती केस काही डोक्यातून जात नाही. नोकरीत चोऱ्या ढीगभर पाहिल्या, पण महागाचा माल सोडून फुटकळ माल नेणारा चोर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये तेवढा एकच भेटला.

फिर्यादी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणारा, आपला मराठी माणूस. जुनी बेसबॉल कार्डं, खेळाडूंचे फोटो छापलेली, जमवायचा नाद. नामांकित खेळाडूंची कार्डं कडक प्लास्टिकमध्ये, कपाटात जशीच्या तशी. गायब झाला तो साधा अल्बम, एक-दोन मॅच खेळून विसरले गेलेल्यांचा.

"मोठ्यांना जग ओळखतं हो, यांना कोण विचारतंय?" तो म्हणाला. "एक जण पाय मोडल्यावर ट्रक चालवायला लागला. एक जण आजारी आईसाठी खेळ सोडून गावी परतला. सगळे त्यात होते."

दारं-खिडक्या शाबूत, म्हणजे हात घरातलाच. घरात नवरा-बायको, पुण्याहून आलेल्या सासूबाई आणि खोली भाड्याने घेतलेली एक मराठी नर्स. फिर्यादीचा संशय सरळ नर्सवर.

गावात अशी जुनी कार्डं विकणाऱ्या दुकानदाराला मी चोरीची खबर देऊन ठेवली होती, त्यातच त्याचा फोन आला. "मेट, त्याच खेळाडूंची नावं घेऊन एक इंडियन मुलगी नर्सच्या युनिफॉर्ममध्ये आली होती."

तिला स्टेशनवर बोलावलं.

"अल्बम तुम्ही घेतलात?"

"हो, सर. मीच."

"कशासाठी?"

ती बॅगेचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"पीआरचा, इथे कायम राहण्याचा अर्ज चालू आहे ना? चोरीचा चार्ज लागला तर काय होईल, कळतंय का?"

डोळे भरले, पण "मीच घेतला" याच्या पुढे ती जाईना. इतक्या पटकन कबूल होणारा माणूस बहुधा दुसऱ्या कुणाला तरी पाठीशी घालत असतो. मी दुकानदाराला पुन्हा फोन लावला. किती भाव मागत होती?

"भाव? नो मेट, ती विकत घ्यायला आली होती."

हात्तिच्या! चोरलेला माल चोर पुन्हा विकत कशाला घेईल?

तिला स्टेशनवरच बसवून तडक फिर्यादीच्या घरी गेलो. मागच्या अंगणात दोरीवर जुनी सुती साडी वाळत होती. धुतलेली, तरी तिच्यावर रांगेने फिकट चौकोनी डाग, कार्डाएवढे.

"आजी, वाळवण घातलं होतं का?"

म्हातारीने सगळं सांगून टाकलं. अल्बमला दमटपणाने बुरशीचा वास येत होता. जावयाला मदत म्हणून तिने कार्डं काढून, कुरडया घालतात तशी साडीवर उन्हात मांडली आणि जरा आडवी झाली. तेवढ्यात आभाळ फुटलं. कार्डांचा लगदा झाला. शिफ्टहून आलेल्या नर्सने तो उचलून आपल्या खोलीत लपवला.

"जावयाच्या घरी येऊन त्याच्या जिवाच्या वस्तूची माती केली, कोणत्या तोंडाने सांगू साहेब? पोरगी म्हणाली, मी तश्शीच शोधून आणते, तोवर तुम्ही बोलू नका. पण माझ्यापायी तिचं वाटोळं नको हो!"

फिर्यादी हे सगळं दारात उभा राहून ऐकत होता. तसाच माझ्यासोबत स्टेशनवर आला, फिर्याद मागे घेतो म्हणाला. मला मात्र राग आला होता. मुद्दाम विचारलं, "तुमच्या भाडेकरूचं गाव कोणतं? घरी कोण असतं?" ती वर्षभर त्याच्याच घरात राहत होती. त्याला एक शब्द सांगता येईना.

काय हरवलं ते फिर्यादीला विचारायचं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. ज्याच्यावर संशय आहे त्याची कितपत ओळख आहे, हे विचारायला मी त्या दिवसापासून लागलो.

खुर्ची ओढून फिर्यादी त्या नर्ससमोर बसला. "चुकलो गं. गाव कुठलं तुझं?"

"तासगाव," ती म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला तेव्हा आवरेना.