घर आमचं, जागा पाटलाची

गुरुवर्य नरहरराव सरांची आणि माझी ओळख यवतमाळला झाली. खेड्यांतील घरांच्या पाहणीसाठी ते माणसे शोधत होते. मी शिक्षक, उन्हाळ्याच्या सुट्टीत मोकळा. त्यांनी एकच विचारले, "लोकांच्या घरात बसायला संकोच वाटत नाही ना?" मी नाही म्हणालो.

ते खोटे होते.

दिग्रसजवळच्या एका गावी, नुकत्याच बौद्ध झालेल्या कुटुंबांची वस्ती माझ्याकडे आली. पहिल्याच घरी पार्बताबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. भर वैशाखात मी म्हणालो, "तहान नाही." उभ्यानेच विचारले, "घर कोणाचे?"

"आमचंच हाय जी."

पुढचा रकाना 'जागा कोणाची?' असा होता. तो मी न विचारताच 'स्वतःची' असा भरला; साऱ्या वस्तीचा तसाच भरला. त्या दिवशीच्या रोजनिशीत फक्त 'ऊन फार' एवढेच आहे.

त्या पाहणीवरून, ज्यांना जागा नाही त्यांना सरकारी जागा मिळायची होती. माझ्या एका शब्दाने ती वस्ती यादीतून गळाली.

यादी सरकारकडे गेल्यावरही सर गावोगाव पडताळणीला जात. त्या वस्तीत, पार्बताबाईंच्याच घरी, ते मला घेऊन गेले. मांडी घालून बसले, पाणी प्याले, पुन्हा मागून घेतले. मग सहज म्हणाले, "बाई, ही भिंत खचली आहे. बांधून का घेत नाही?"

"कायले बांधू जी? घर आमचं, जागा पाटलाची. उठ म्हनलं त उद्या उठा लागते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "ह्या मास्तरले सांगतलं असतं, पन हे त बसलेच नाही. काहून जी, आमच्या पान्याले भेले का?"

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

यादी दुरुस्त होऊन जागा मिळेपर्यंत दोन पावसाळे गेले. पहिल्यातच ती भिंत पडली. अहवालात सरांनी लिहिले, "प्रश्न संदिग्ध ठेवण्याची चूक माझी आहे." पुढे सभांतून त्या वाक्यावरून त्यांना टोमणे ऐकावे लागले. मी श्रोत्यांत असे, गप्प.

प्रश्न संदिग्ध नव्हता. तो मी विचारला नव्हता.

सर साठी पूर्ण करीत आहेत. त्यांना उत्तम प्रकृती लाभो, अजून पुष्कळ वर्षे पुष्कळ घरांत ते बसोत. आणि अहवालाची नवी आवृत्ती निघेल तेव्हा ती चूक त्यांनी माझ्या नावावर करावी, ही विनंती.