बेंगळुरूत मी अक्काच्या वतीने बोलले

निपाणीच्या आमच्या घरात भिंतींनाही तंबाखूचा वास होता. आई विड्या वळायची. सातवीनंतर अक्काही तंबाखूचं सूप घेऊन तिच्या शेजारी बसली, कारण दोघी मुलींना शिकवणं घराला झेपत नव्हतं. मी शिकले. बी.कॉम. झाले, घराण्यातली पहिली, आणि हे सांगायला मला आजही बरं वाटतं. तेव्हापासून घरात कुठलाही कागद आला की तो माझ्या हातात पडायचा. अक्का लग्न होऊन बेंगळुरूला गेली तरी ही पद्धत मोडली नाही. तिची गर्भपिशवी काढायचं ठरलं तेव्हा दाजींचा फोन आला, "शोभा, तू ये बाई. दवाखान्यात सगळं इंग्लिशमध्ये असतंय."

बेंगळुरूच्या यशवंतपूर स्टेशनवर सकाळी उतरले. हवा गार होती. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोखंडी सळ्यांच्या लॉऱ्या आडव्या उभ्या होत्या. मी घाई करायला लागले तसा रिक्षावाला मागे न बघता म्हणाला, "मॅडम, स्वल्प (जरा) सबर करो. लॉरी हटेगी, फिर जायेंगे." दोन्ही बाजूंच्या शेडमधून लेथ मशिनची घरघर आणि तेलाचा वास येत होता. अशाच एका शेडमध्ये दाजी काम करतात.

अक्कानं तट्टे इडली (ताटलीएवढी पसरट इडली) आणून ठेवली होती.

"कॉलेजात नोकरी करतीस आणि अंगावर मांस नाही. खा."

तिचा स्वतःचा चेहरा हळदीसारखा पिवळा पडला होता. पिशवीत गाठी होत्या, दोन वर्षं अंगावरून जात होतं. कपड्यांच्या कारखान्यात ती शिलाई मशिनवर बसते. खुर्चीवर काळं कापड अंथरल्याशिवाय बसायची सोय राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या. अक्काशी त्या कन्नडमध्ये बोलत होत्या, आणि अक्का पुढे सरकून एकेक बोट दुमडत विचारत होती. माझं कन्नड बाजारापुरतं. आपण एवढ्या लांबून आलो आणि आपल्याला काहीच कळत नाही, याचा मला राग आला. मी इंग्रजीत म्हटलं, "डॉक्टर, मला सांगा. हिचं सगळं मीच बघते."

मग बोलणं इंग्रजीत सुरू झालं. अक्का मागे टेकली.

डॉक्टर म्हणाल्या, पिशवी काढावीच लागेल, पण ओव्हऱ्या (अंडाशय) चांगल्या दिसतात. वय बेचाळीस, घरात कुणाला कॅन्सर नाही, तर त्या ठेवाव्यात असं माझं मत. काढल्या तर पाळी जाण्याचा त्रास एका दिवसात अंगावर येतो, हाडांनाही ते बरं नाही. ठेवल्या तर पुढे कधी गाठ होण्याचा थोडा धोका राहतो. "त्यांना काय वाटतं, विचारा."

"ओव्हऱ्याही काढायच्या का म्हणतायत," मी अक्काला सांगितलं. एवढंच सांगितलं.

"चांगल्या हायत तर ऱ्हाऊ देत की."

"शांतामावशीच्या ओव्हऱ्या ठेवल्या, मग गाठ झाली आणि दुसऱ्यांदा पोट उघडावं लागलं, विसरलीस? एकदाच काय ते होऊ दे. मला पुन्हा रजा मिळायची नाही."

अक्कानं डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सरी (बरं). हिला कळतंय ते करा."

घरी जाऊन विचार करा, घाई नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. मी फॉर्म पुढे ओढला. माझं बोट जिथे होतं तिथे अक्कानं सही केली.

ऑपरेशन नीट झालं. पाचव्या दिवशी दुपारी अक्कानं अंगावरची चादर भिरकावली. मान लाल झाली होती, ब्लाउज घामानं भिजला होता. मी पुठ्ठ्यानं वारा घालू लागले.

"असं एकदम होतंय म्हणून बाईंनी सांगितलं होतं मला," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू इंग्लिशमध्ये बोलत होतीस."

टोमणा नव्हता. मी पुठ्ठा जोरात हलवू लागले.

दीड महिन्यानं मी पुन्हा गेले. रजा मागितली तर मिळाली. अक्काची झोप उडाली होती, ती कशावरूनही चिडायची, दाजी बोलायला घाबरत होते. तपासणीच्या खोलीत मी मागच्या स्टुलावर बसले आणि तोंड उघडलं नाही. दोघी बराच वेळ कन्नडमध्ये बोलल्या. मध्येच अक्का हसलीसुद्धा. काय ठरलं ते तिनं मला बाहेर आल्यावर, बसची वाट बघताना सांगितलं.

परतीच्या गाडीत तुमकूर गेलं, तिपटूरच्या नारळबागा गेल्या, तरी माझ्या डोक्यात ती खोलीच होती. शिकल्याची मला लाज नाही. पण अक्काला समजणारं बोलणं चाललं होतं, ते मी बंद पाडलं. तिच्या ओव्हऱ्या निरोगी होत्या, काढल्यानंतरच्या तपासणीच्या कागदावरही तसंच लिहून आलंय, आणि त्या आता परत येणार नाहीत.

अक्काचं अंगावरून जाणं थांबलं. ती कामावर परत गेली. त्या त्रासावर हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या, हे तिनं स्वतः विचारून स्वतः ठरवलं.