सुमिएचं वाढीव पान

तांदळाला दोन पाणी झाली होती. तिसरं घालायचं तेवढ्यात फोन वाजला, म्हणून सुमिए नागाओकानं भांडं तसंच ओट्यावर ठेवलं आणि ओल्या हातानंच फोन उचलला. पलीकडे तोगावा होता, तिच्या मासिकाचा संपादक. वयानं दहा वर्षांनी लहान, पण चित्रकथा काढणाऱ्याला गुरूचा मान द्यायचा असतो, म्हणून तो तिला सेन्सेई म्हणे. त्या सकाळी एकाच वाक्यात त्यानं तीनदा सेन्सेई म्हटलं, तेव्हाच तिनं ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

झालं होतं असं, की तिच्या कथेआधीच्या एका जाहिरातीची जागा बदलली होती. त्यामुळे सुमिएची कथा या महिन्यात उजव्या पानाऐवजी डाव्या पानावर सुरू होणार होती.

एवढंच ना, असं कुणालाही वाटेल. पण जपानी पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची. डाव्या पानाच्या तळाशी वाचकाला टांगून ठेवायचं, आणि त्यानं पान उलटलं की उजवीकडे गंमत फुटली पाहिजे. कथा एका पानानं सरकली, की टांगणं आणि गंमत समोरासमोर येतात, आणि डोळा मेला आधी गमतीकडेच धावतो. पाहुण्याला दारातच सांगून टाकावं, आज जेवायला काय आहे ते, तशातली गत.

एरवी सुमिएनं ते सोसलंही असतं. सोसायची तिला सवय होती. विसाव्या वर्षी तिला एका स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, आणि पुढची वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या कथांमधलं गवत आणि पाऊस काढत राहिली. बियाण्यांच्या दुकानाच्या माहितीपत्रकावर चार चौकटींचे विनोद काढले, लोणच्यांच्या पाककृतींभोवती मुळे काढले. नवऱ्याची बदली साप्पोरोला झाली आणि तो तिकडे एकटा राहू लागला, तेव्हा नेरिमात कोबीच्या शेतामागच्या घरात सुमिए आणि तिची सासू त्सुने, दोघीच उरल्या. एक्केचाळिसाव्या वर्षी तिला स्वतःची पहिली मालिका मिळाली.

ती मालिका होती एका चूलदेवाची. रस्ता रुंद करताना त्याचं इवलंसं देऊळ हलवलं जातं, आणि तो ओकियो नावाच्या विधवेच्या स्वयंपाकघरात राहायला येतो. हजार वर्षं अग्नी हाताळलेला देव, पण गॅसच्या बटणाला हात लावायला बिचकतो. चुकीच्या वारी कचरा बाहेर ठेवतो आणि आळीतल्या बायकांची बोलणी खातो. माणसं सुमिए जाड, गुबगुबीत रेघांनी काढी; नाक म्हणजे एक टिंब. देव मात्र सर्वांत बारीक टाकानं. झग्याची चुणी न् चुणी, भुवईचा केस न् केस, जणू देवळाच्या पडद्यावर काढायचा आहे. आणि हा देव कधीही हसत नसे. हातात कचऱ्याची पिशवी असली तरी चेहरा उत्सवातल्या मिरवणुकीतला. देवाची टिंगल करायची नाही, असा सुमिएचा नेम होता. देव आहे तसाच आहे, आपलं स्वयंपाकघर लहान पडतं, त्याला तो काय करणार, असं ती म्हणे.

पण वाचकांना ते पोचत नव्हतं. मासिकात दर महिन्याला एक कार्ड असतं, आवडलेल्या तीन कथांची नावं लिहून पाठवायचं. अठरा कथांमध्ये सुमिएची सतरावी. या महिन्यातही तळाला राहिली, तर तीन भागांत गाशा गुंडाळायचा, असं संपादकांच्या बैठकीत ठरलं होतं. आणि नेमक्या याच भागात, पंधराव्या पानावर, तिनं आजवरची सगळ्यात मोठी गंमत ठेवली होती.

तोगावानं दोन वाटा सांगितल्या. त्या पानाच्या आधी एक पान काढून टाकायचं, नाहीतर एक वाढवायचं. वाढवलं तर तो कथेनंतरची जाहिरात सरकवून घेणार होता. पानं न्यायला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला येणार होता.

सुमिएनं वाढवायचं ठरवलं. तिसरं पाणी घालून तांदूळ भिजत ठेवले आणि ती मेजाशी बसली. घाबरलेला माणूस करतो तेच तिनं केलं: पान भरून काढलं. चूलदेव आणि तांदळातला किडा यांची लढाई, भांडी उडताहेत, आठ चौकटी, प्रत्येकीत मोठ्ठाली आवाजाची अक्षरं. पेन्सिलीचा कच्चा कागद तिनं फॅक्सनं पाठवला. तोगावाला तो फार आवडला. हेच तर मी दोन वर्षं सांगतोय, असं त्यानं उलट कळवलं.

त्सुनेनं तो कागद हातभर लांब धरून पाहिला. जन्मभर कागदी कंदिलांवर नावं रंगवलेली बाई. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही हात इतका स्थिर, की सुमिएच्या पानांतलं काळं भरायचं काम तिच्याकडेच असे.

"हा आपला देव नाही," ती म्हणाली. "हा भाजीबाजारातला ओरडणारा."

"आई, वेळ नाहीये आता."

"मग ओरडायला तरी वेळ कुठून काढलास?"

सुमिए पुन्हा कागदावर वाकली. त्सुने उठली आणि भात लावायला गेली. विजेच्या भांड्यावर तिचा विश्वास नव्हता. भात लोखंडी भांड्यात, जड लाकडी झाकण ठेवून. घटकाभरानं सुमिए चिडलेली, भुकेली स्वयंपाकघरात आली आणि सवयीनं झाकणाकडे हात गेला. त्सुनेनं तो हात फटकन बाजूला सारला.

"पोर रडलं तरी झाकण काढू नये, एवढंही तुझ्या आईनं शिकवलं नाही?"

आणि पुन्हा ती भांड्यासमोर बसली. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर, नजर झाकणावर. वाफ निघत होती. बाकी काही घडत नव्हतं. सुमिए दारात उभी राहून बघत राहिली. भात वाफेवर मुरेपर्यंत तिथून हलली नाही.

जेवण झाल्यावर तिनं नवा कागद घेतला. पूर्ण पानाची एकच चौकट. चूलदेव पाठमोरा, भांड्यासमोर बसलेला, हात मांडीवर. झाकणाच्या कडेनं निघणारी वाफेची एक रेघ. अक्षर एकही नाही. आठ दिवसांचं काम असावं तसा तिनं त्याच्या पाठीवरच्या कापडाचा पोत काढला, पण दुपारभरात. त्सुनेनं भांड्याचं काळं भरलं, तेही असं की लोखंड गरम आहे हे कळावं.

फॅक्स पोचला आणि लगेच फोन आला.

"सेन्सेई, इथे काहीच घडत नाहीये."

"भात शिजतोय."

"वाचक म्हणेल, बाईंची शाई संपली."

"तोगावा-सान, तुम्ही भांड्यासमोर बसला आहात का कधी?"

"माझ्याकडे विजेचं भांडं आहे. ते शिजलं की गाणं वाजवतं." मग तो म्हणाला, "जबाबदारी तुमची. बैठकीत मी तुम्हाला वाचवू शकणार नाही."

"माझीच," सुमिए म्हणाली.

फोन ठेवल्यावर त्सुने ब्रश धूत म्हणाली, तुझ्या देवाला हसता येत नाही आणि तुझ्या साहेबाला गप्प बसता येत नाही, दोघांची सोयरीक छान जमली. सकाळी दहाला पानं गेली.

अंक आला तो त्सुनेनं आधी देवघरात ठेवला, सुमिएच्या दिवंगत सासऱ्यांच्या तसबिरीपुढे, मगच उघडला. डाव्या पानावर देव बसलेला. तिनं पान उलटलं. मागच्या पानावर, दोन चटया मावतील एवढ्याशा त्या स्वयंपाकघरात, खिडकीतून, दारातून, पार कोबीच्या शेतापर्यंत देशातले झाडून सारे ऐंशी लाख देव रांगेत उभे. प्रत्येकाच्या हातात वाटी, प्रत्येकाचा चेहरा गंभीर. सगळ्यांत पुढचा विचारतोय, "झाला का?"

चित्रातलं काळं तिनं स्वतः भरलं होतं, तरी त्सुने इतकी हसली की कवळी सांभाळावी लागली.

तीन आठवड्यांनी तोगावा स्वतः आला. काखेत खोका, कपाळावर घाम. आल्या आल्या त्सुनेनं त्याला देवघरापुढे बसवून नमस्कार करायला लावला, तोही त्यानं निमूट केला. खोक्यात कार्डं होती. अठरांत तिसरा नंबर. पण नंबराचं तो नंतर बोलला. आधी त्यानं कार्डं उलटी करून चटईवर पसरली. नावं लिहायच्या जागेभोवती लोकांनी चित्रं काढली होती: भांड्यासमोर बसलेली पाठ. पेन्सिलीनं, बॉलपेननं, एकानं सोयासॉसनं. निइगाताच्या एका बाईनं लिहिलं होतं, सासू गेल्यानंतर ही तिची पाठ मला प्रथमच दिसली.

तोगावा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सेन्सेई, मीही भात लावून पाहिला. भांड्यात."

"आणि?" त्सुनेनं विचारलं.

"झाकण उघडलं मध्येच."

"मग कच्चाच खाल्ला असशील."

त्यानं मान डोलावली. मालिका चालू राहणार होती. पुढे ती अकरा वर्षं चालली, आणि प्रत्येक भागात एक मुकं पान असे. कचेरीत त्याला नागाओकांचं भाताचं पान म्हणत आणि त्यासाठी जाहिराती सरकवत. पण त्या दिवशी एवढंच ठरलं होतं, की पुढच्या अंकाची सुरुवात सुमिएच्या रंगीत पानानं होईल.

रंगीत पान तिनं उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. तोगावा चहा पीत असतानाच तिनं पर्स उचलली, चपला पायात सरकवल्या, आणि स्टेशनजवळच्या दुकानातून शेंदरी शाईची बाटली आणायला निघाली.